ठिपका चालतो कसा, ते आधी बघा

नमस्कार मंडळी. झिंगे अन् खेकडे तर आपण सगळेच ओळखतो, पण त्यांच्याच खानदानातले एक-दोन मिलिमीटरचे जीव आपल्या नहरात असतात, त्यांच्याकडे कोणी बघत नाही, म्हणून आज त्यांच्याबद्दल बोलतो. मौद्याकडे पेंचच्या नहराचं पाणी उतरलं की कडेला शेवाळात जे थांबून राहतं ना, त्यातलं ग्लासभर घ्या, मागे काळा कागद धरा अन् बाजूनं टॉर्च मारा. ठिपके हलताना दिसतील. भिंगाची घाई करू नका, पाच मिनिटं नुसती चाल बघा, अर्धी ओळख तिथेच पटते.

टुणकन वर उडी, मग हळूहळू खाली, परत उडी, ही डॅफ्निया, म्हणजे पाण्यातली पिसू. डोक्याजवळच्या फांदीसारख्या मिशांनी ती वल्हं मारते. आता सोनाराकडे असतं तसं दहापट भिंग लावा. अंग काचेसारखं आरपार, पाठीकडे हृदय भराभर धडधडतंय, अन् त्याच्या मागे पिल्लांची पिशवी, मी पहिल्यांदा त्या पिशवीत काळे डोळे बघितले तेव्हा ग्लास खाली ठेववेना. पाण्यात ऑक्सिजन कमी झाला की हीच पिसू लालसर होते, रक्तात हिमोग्लोबिन वाढतं म्हणून.

झटके देत पळतो तो सायक्लॉप्स. पुढून गोल, मागे निमुळता, कपाळावर मधोमध एकच डोळा. मादी असेल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या. पिशवी एकच दिसली अन् मिशा जवळपास अंगाएवढ्या लांब असल्या तर तो डायप्टोमस, दोघांत गल्लत होतेच.

अन् सायक्लॉप्सला ओळखलंच पाहिजे, कारण नारूची अळी याच्याच पोटात वाढायची, विहिरीचं पाणी न गाळता प्यायलं की माणसाच्या अंगात जायची अन् वर्षभरानं पायातून धाग्यासारखा नारू निघायचा. जुनी माणसं फडक्यानं पाणी गाळा म्हणून मागे लागायची ते उगीच नाही, कापडात हा अडकतो. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 चा, 2000 मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला.

वळवळत जाते अन् श्वासाला वर येऊन लटकते ती डासाची अळी, ती यांच्यातली नाही.

तळाशी तिळासारखा दाणा पळताना दिसला तर तो ऑस्ट्राकॉड. धक्का लागला की दोन्ही शिंपले मिटून गप्प पडतो. ग्लास हलवू नका, जरा थांबा, शिंपला किंचित उघडतो अन् बारीक पाय बाहेर येतात.