'कथा दिली' म्हणजे काय दिलं?

मित्रहो, "माझी कथा अमक्या मासिकाला दिली" असं आपण सहज म्हणून जातो. मला आज या 'दिली'बद्दलच बोलायचं आहे. नेमकं काय दिलं? कथा तर आपलीच राहते. आपण देतो ती छापायची परवानगी, आणि ती कितपत द्यायची हे आपल्याला ठरवता येतं.

कथा कागदावर उतरली की तिचा हक्क लेखकाचा. त्यासाठी नोंदणी लागत नाही, शिक्का लागत नाही. लेखक-कलावंतांच्या हक्कांसाठी अनेक देशांनी मिळून केलेल्या १८८६च्या बर्न करारात १९०८ साली बर्लिनला सुधारणा झाली, तेव्हापासून सदस्य देशांत हेच तत्त्व चालत आलं आहे. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हा हक्क टिकतो. म्हणजे आज घाईत केलेली सही नातवंडांनाही निस्तरावी लागू शकते.

मला हे उशिरा कळलं. पहिल्या कथेच्या मानधनाची पावती आली, तिच्यावर बारीक अक्षरात "सर्व हक्क प्रकाशकाकडे" असं छापलेलं होतं. कथा छापून येणार या आनंदात मी सही केली. पुढं संग्रह काढताना स्वतःच्याच कथेसाठी परवानगी मागावी लागली, आणि ती मिळाली नाही. संग्रह त्या कथेविनाच निघाला. ते मला अजून लागून राहिलं आहे.

मासिकाला खरी गरज असते ती पहिल्यांदा छापण्याच्या हक्काची. तो एकदाच वापरता येतो. स्वतःच्या वेबसाइटवर आधी टाकलेली कथासुद्धा अनेक संपादक 'पूर्वप्रकाशित' धरतात. अनुवाद, नाटक, चित्रपट, ऑडिओबुक, हे सगळे वेगळे हक्क. एका अंकाच्या मानधनात ते जाता कामा नयेत. अंक इंटरनेटवरही राहणार असेल तर किती काळ, हे विचारून घ्या. अमेरिकेत काही मुक्त लेखकांनी यावरूनच न्यूयॉर्क टाइम्सला कोर्टात खेचलं होतं. छापील अंकासाठी दिलेले त्यांचे लेख न विचारता डेटाबेसमध्ये गेले होते. २००१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ अशा मतांनी लेखकांच्या बाजूनं निकाल दिला.

पैशापलीकडचाही एक हक्क आहे: आपलं नाव कथेवर असण्याचा, आणि मोडतोडीमुळे आपल्या लौकिकाला बाधा येत असेल तर हरकत घेण्याचा. १९२८ साली रोमच्या बैठकीत तो बर्न करारात आला. बाकीचे हक्क विकले तरी हा उरतो. शुद्धलेखन संपादकानं जरूर सुधारावं; शेवट बदलायचा तर लेखकाला विचारायलाच हवं.

होकाराचं पत्र आलं की उत्तरात एवढंच लिहा: "ही कथा आपल्या अमुक अंकात एकदा छापण्यास परवानगी देत आहे. इतर सर्व हक्क माझ्याकडे राहतील." पावतीवर 'सर्व हक्क' दिसलं तर ती ओळ खोडा, तसं कळवा आणि मगच सही करा. संपादक दुखावतील अशी भीती नव्या लेखकांना वाटते. मी कितीतरी वर्षं असं लिहितो आहे. त्यापायी एकाही संपादकानं माझी कथा परत पाठवलेली नाही.