टाक्याच्या जागी

अमळनेरहून धुळ्याकडे निघालेली एसटी. दोन्ही अंगांना कपाशी. खिडकीशी बसलेल्या बाईच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात पहिल्या बाळंतपणाची फाईल. तेव्हा सिझर झालं होतं. आता सातवा आठवडा, आणि सकाळपासून लाल डाग. पोटात दुखत नाही, म्हणून घरात कुणाला फारसं काही वाटलेलं नाही.

सोनोग्राफीआधी गर्भलिंगनिदान-बंदी कायद्याचा एफ फॉर्म भरला जातो. त्यातल्या यादीत पहिलंच कारण आहे, गर्भ पिशवीत आहे की बाहेर. इथे तो प्रश्नच अपुरा पडतो. गर्भ पिशवीतच आहे, पण पोकळीत नाही; सिझरच्या जुन्या व्रणात रुतलाय.

पडद्यावर पाहा. वरची पोकळी रिकामी. खाली पिशवीचं तोंड, तेही रिकामं. मधे, पुढच्या भिंतीत, गर्भाची काळी कोय. तिच्यात आणि लघवीच्या पिशवीत उरलीय जेमतेम २ मिलिमीटरची भिंत. डॉप्लर लावताच कोयीभोवती रक्त रंगून उठतं.

अशा गर्भाची पहिली नोंद १९७८ची. अंदाज असा, की दोनेक हजार गरोदरपणांत एखादं. म्हणूनच घात होतो. गर्भ खाली दिसला की वाटतं, पडतोय. क्युरेटिंग करून मोकळं व्हावं. पण प्रोबने हलकं दाबल्यावर पडणारा गर्भ सरकतो, हा जागचा हलत नाही. आणि व्रणात स्नायू कुठला? तो आवळला तरच रक्तवाहिन्या मिटतात. न बघता खरवडलं, तर रक्त थांबता थांबत नाही.

"त्यामा जीव शे ना?" सासूबाई विचारतात. ठोके आहेत, हो. हे सांगणं सगळ्यात अवघड. राहू दिलं तर वार व्रणात खोल रुतते, पिशवी फाटू शकते, काढावीही लागते.

मग उपाय. कुठे सोनोग्राफीत बघत सक्शन, कुठे दुर्बिणीने गर्भ काढून भिंत पुन्हा शिवणं. इथे सुई थेट कोयीत, गर्भाची वाढ थांबवणारं मेथोट्रेक्झेट. रक्ताच्या पिशव्या आधीच तयार. आशाताईंनी दिलेल्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या बंद, कारण हे औषध फॉलिकच्याच विरुद्ध काम करतं.

नंतर दर आठवड्याला बीटा एचसीजी, म्हणजे रक्तातल्या गरोदरपणाच्या हार्मोनची तपासणी. रिपोर्ट इंग्रजीत. ती फक्त आकड्याची लांबी बघते. आधी पाच अंकी होता, मग चार. आज दोन.