तुरटीची बाजू

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'प्राचीन वनस्पतिरंग : इतिहास आणि सांस्कृतिक महत्त्व'. इतिहासाकडे येतोच. आधी एक तक्रार ऐकून घ्या, कारण फोंड्यात एवढी माणसं पंख्याखाली गप्प बसलेली पुन्हा मिळायची नाहीत.

कुठल्याही प्रदर्शनात 'नैसर्गिक रंग' अशी पाटी लावलेल्या स्टॉलवर विचारा, रंग कशाचा? उत्तर येतं : बिटाचा, भिरंडांचा (म्हणजे कोकमाचा), हळदीचा. झाडाचं नाव सांगितलं की विषय संपला! तुरटी किती घातली, हिरडा किती, ते कुणी बोलत नाही. भिरंडांचा रंग देखणा, कबूल. पण सोलकढी सांडलेल्या धोतराचं दोन धुण्यांनंतर काय होतं? आंबटात लाल, साबण लागला की काळपट, मग काहीच नाही. हळद कापडाला लगेच धरते, पण उन्हात उडते, आणि चुन्याशी गाठ पडली की लाल होते. कुंकू याच गुणावर बनतं, म्हणून तिथे तिचं कौतुक; साडीवर नको.

झाडात रंग असतो, तो कापडाला बांधायचं काम तुरटी करते. एक किलो सुती कापड घ्या. आधी वीस-तीस ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा. पाण्याचा थेंब कापडावर ठेवा. तो मोत्यासारखा तरंगला तर खळ आणि मेण अजून आत आहे, पुन्हा उकळा. रंग डागाडागांनी बसण्याचं निम्मं कारण इथेच असतं. मग दोनशे ग्रॅम हिरडापूड रात्रभर भिजवून गाळायची, त्या पाण्यात कापड चार-पाच तास ठेवायचं, पिळून सावलीत वाळवायचं. धुवायचं नाही! सूत तुरटीला आपणहून फारसं धरत नाही, हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, तिला धरून ठेवतं. त्यानंतर दीडशे ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून कापड रात्रभर त्यात, पुन्हा वाळवणं, आणि एक-दोन दिवस नुसतं ठेवणं. ही सुट्टी घाईत सगळे गाळतात. मग न चिकटलेली तुरटी खळबळून काढायची आणि कापड मंजिष्ठेच्या, म्हणजे लाल रंग देणाऱ्या वेलीच्या मुळांच्या, पाण्यात सोडायचं. पूड कापडाच्या निम्मी तरी हवी. आच सत्तर अंशांच्या पुढे नको. उकळलंत की तपकिरी अंश सुटतो आणि लालाचा वीटकरी होतो.

आता गोव्याची खास अडचण. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ, त्यात बऱ्याच ठिकाणी लोह. मऊ पाण्यात मंजिष्ठा खुलत नाही, चिमूटभर खडूची पूड लागते. लोहाने तर रंग मळतो. परीक्षा सोपी आहे : पेलाभर पाण्यात हिरडापूड टाका, निळसर काळं झालं तर ते पाणी पिण्याच्याही आधी तपासून घ्या.

तेच लोह मुद्दाम घातलं तर मात्र काळा रंग. गंजके खिळे आणि गूळ मडक्यात दोन-तीन आठवडे आंबवायचे. ते पाणी हिरड्यावर पडलं की काळं. जास्त झालं तर काही वर्षांत कापड तिथेच विरतं. जुन्या छापील कापडांत काळ्या रेघांच्या जागी भोकं दिसतात ती त्यामुळे. (देवळांच्या भिंतींवरची काव इथे आणू नका. ती मातीची, आजचा विषय झाडांचा.)

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. इतिहास!

मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून सुती कापडाचा तुकडा मिळाला, मंजिष्ठेच्या जातीच्या रंगात रंगवलेला. म्हणजे सुतावर लाल बांधायची युक्ती चार हजार वर्षांहून जुनी. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी लिहितो, की इजिप्तमध्ये पांढऱ्या कापडावर रंगहीन द्रव्यं लावतात आणि एकाच कढईतून ते अनेक रंगांत बाहेर येतं. त्याला चमत्कार वाटला. तो रंगबंधकांचा, म्हणजे तुरटीसारख्या रंग बांधणाऱ्या द्रव्यांचा होता. नीळ या सगळ्याला अपवाद, तिला तुरटी लागतच नाही, हवा लागते. मनुस्मृतीचा दहावा अध्याय ब्राह्मणाला नीळ आणि लाख विकायला मना करतो. पुढे तीच नीळ पोर्तुगीज जहाजांतून युरोपात गेली. 1563 साली गोव्यात छापलेल्या, पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ताच्या संवादांच्या पुस्तकात ती आहे, आणि आपलं पारिजातकही आहे : त्याच्या केशरी देठांनी जेवणाला केशरासारखा रंग देतात, असं तो लिहितो.

1868 ला अलिझरीन, म्हणजे मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांतलं लाल रंगद्रव्य, प्रयोगशाळेत तयार झालं, 1897 ला कृत्रिम नीळ बाजारात आली. या रंगांच्या झाडांची शेतं बसली. तुरटी मात्र राहिली, कारण कृत्रिम अलिझरीनलाही ती लागतेच!

कुणबी साडीचा लाल कशाचा, हे कुणीतरी विचारणारच. कृत्रिम रंगांआधी सुतावर धुण्याला टिकणारा लाल द्यायचा तर मंजिष्ठा किंवा आल या झाडाची मुळं, आणि तुरटी. पतंग नावाच्या झाडाचं लाकूड किंवा करडईची फुलं यांचे रंग उन्हापुढे टिकत नाहीत. नमुने मागच्या टेबलावर आहेत. हात जरूर लावा, पण हळदीच्या नमुन्याला चहाचा कप टेकवू नका, आणि पान खाऊन आलेल्यांनी चुन्याचं बोट तर अजिबात नको.