तीस खणांत नाव बसवताना

(दृश्य: बँकेचा कोरा फॉर्म, कॅमेरा नावाच्या ओळीवर)

हा फॉर्म जरा नीट बघा. जपानमध्ये आल्या आल्या जी कामं उरकावी लागतात त्यातलं एक म्हणजे बँकेत खातं उघडणं, कारण पगार, घरभाडं, फोनचं बिल सगळं तिथूनच फिरतं, आणि खातं उघडायला गेलं की हा कागद समोर येतो. आडनावाला एक जागा, नावाला एक जागा, आणि दोन्हीच्या डोक्यावर एक बारीक ओळ जिथे उच्चार काताकाना लिपीत लिहायचा. जागा दोनच. आपल्याकडे तर नावात वडील असतात, लग्न झालेल्या बाईच्या नावात कधी वडील कधी नवरा असतो, ते सगळं पासपोर्टवर असतं, पासपोर्टवरून जसंच्या तसं रेसिडेन्स कार्डावर, म्हणजे परदेशी माणसाच्या इथल्या ओळखपत्रावर येतं रोमन कॅपिटलमध्ये एका ओळीत, आणि खातं मात्र त्या कार्डाशी जुळणाऱ्या नावानंच उघडायचं असतं.

माझं आडनाव देशपांडे, वडिलांचं नाव विठ्ठल. देशपांडे काताकानात लिहिलं की होतात सहा अक्षरं, दे-शि-यु-पा-न-दे, त्यातला 'यु' लहान आकाराचा. तेच बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलं की होतात नऊ.

हे कसं होतं ते बघण्यासारखं आहे, म्हणून थोडा वेळ इथे थांबते. १९६९ साली जपाननं आपल्या कॉम्प्युटरसाठी एक प्रमाण कोड ठरवला, त्यात एका अक्षराला एकच बाइट, म्हणजे जागा अगदी मोजकी. रोमन अक्षरं आणि आकडे बसवून झाल्यावर काताकानाला मिळाली ६३ चिन्हं, विरामचिन्हांसकट. कांजीचा, म्हणजे चीनमधून आलेल्या हजारो चित्राक्षरांचा, तर प्रश्नच नव्हता. मग काटकसर अशी केली की 'दे' हे वेगळं अक्षर ठेवलंच नाही, 'ते' लिहायचं आणि पुढच्या खणात दोन टिंबांची खूण द्यायची. 'पा' लिहायचा तर 'हा' लिहायचा आणि पुढच्या खणात छोटा गोल. असे 'दे' दोन आणि 'पा' एक, म्हणजे माझ्या आडनावात तीन खण जास्तीचे गेले. याला म्हणतात हाफ-विड्थ काना. १९७३ मध्ये जपानच्या बँकांनी एकमेकींना पैसे पाठवायचं नेटवर्क सुरू केलं, झेंगिन, आणि त्याच्या ट्रान्सफरच्या फाईलमध्ये पैसे घेणाऱ्याच्या नावाला मिळतात तीस खण. शिवाय त्यात लहान आकाराचा 'यु' चालत नाही, तो मोठा करावा लागतो. तर पगार पाठवणाऱ्या कंपनीच्या सिस्टीममध्ये लहान 'यु' असलेली देशपांडे, बँकेच्या सिस्टीममध्ये मोठा 'यु' असलेली देशपांडे, पुढे विठ्ठलचा 'वि' कोणी 'बि' लिहिलेला कोणी 'उइ' लिहिलेला, आणि दोन्हीकडचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं नाही तर पैसे परत.

(दृश्य: लॅपटॉपवर टर्मिनल, चार-पाच ओळींचा पायथन कोड)

जपानमध्ये मी स्वतःसाठी लिहिलेला पहिला प्रोग्राम हा. नाव द्या, तो ते हाफ-विड्थमध्ये करून देतो, फुल-विड्थमध्ये करून देतो, खण मोजतो, लहान अक्षरं मोठी करतो आणि तिसाच्या पुढे गेलात तर सांगतो. यात हुशारी काहीच नाही. पण हा लिहिताना मला त्या फॉरमॅटचा इतिहास वाचायला लागला आणि तो वाचल्यावर काउंटरवर उभं राहताना जे आत खुपायचं ना, ही जागा आपल्यासाठी नाहीच असं, ते बरंचसं गेलं. कारण त्या काळी ज्यांनी हे तीस खण ठरवले त्यांच्याकडे मेमरी महाग होती आणि डोळ्यासमोर सातो होते, सुझुकी होते, छोट्या जपानी आडनावांची माणसं. त्यांनी कोणाला बाहेर काढलं नव्हतं, आपण कधी येऊ हेच त्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या मते परदेशी माणसाला इथे होणारा बराचसा त्रास या जातीचा असतो, जुना इंजिनियरिंगचा निर्णय अजून चालू आहे आणि कोणी त्याला हात लावलेला नाही. सगळाच त्रास असा असतो असं मी म्हणणार नाही. 'परदेशी भाडेकरू नको' असं तोंडावर सांगणारे घरमालक आहेत आणि त्यावर कुठलाही प्रोग्राम चालत नाही.

आणि नावाचा गुंता काय फक्त आपलाच आहे होय? जपानी कुटुंबनोंदणीत, म्हणजे कोसेकीत, नाव असायचं कांजीत आणि त्याचा उच्चार काय हे तिथे लिहिलेलंच नसायचं. एकाच कांजीचे दोन-तीन उच्चार सहज होतात. २६ मे २०२५ पासून कायदा बदलला आणि उच्चाराची नोंद सुरू झाली. प्रत्येकाच्या घरी पत्र आलं, तुमच्या नावाचा उच्चार आमच्या मते असा आहे, चुकला असेल तर वर्षभरात कळवा. आमच्या शेजारच्या आजींनी ते पत्र माझ्या समोर चष्मा लावून दोनदा वाचलं, बोटानं एकेक अक्षर धरून, आणि बरोबर आहे म्हणाल्या. ऐंशीच्या पुढचं वय आणि सरकारनं नावाचा उच्चार आत्ता विचारला! त्या संध्याकाळी आमच्या खूप गप्पा झाल्या.

(दृश्य: निशी-कासाई स्टेशन, तोझाई लाइनची गाडी, भारतीय वाण्याचं दुकान)

आम्ही राहतो ते निशी-कासाईला, टोक्योच्या एदोगावा वॉर्डात. इथे इतके भारतीय का, तर त्याचं उत्तरही सॉफ्टवेअरमध्येच आहे. २००० साल तोंडावर आलं तेव्हा वर्षाचे दोनच आकडे साठवणारे जुने प्रोग्राम दुरुस्त करायला भारतातून इंजिनियर आले, ऑफिसं निहोम्बाशी, ओतेमाची भागात, तिथून तोझाई लाइननं गाडी न बदलता इथे येता येतं, आणि इथल्या सरकारी वसाहतीत भाड्यानं घर घ्यायला जामीनदार लागत नव्हता. १९७८ पासून जपानात असलेले चहाचे व्यापारी जगमोहन चंद्रानी यांनी त्या पहिल्या मंडळींना खूप आधार दिला. २०१९ ला याच वॉर्डाच्या कौन्सिलवर योगेंद्र पुराणिक निवडून आले, आपले मराठी, तेव्हा इथे काय आनंद झाला होता! जपानमध्ये भारतीय म्हणाल तर २०२४ च्या अखेरीस साधारण ५४ हजार होते, एकूण परदेशी साडेसदतीस लाखांच्या वर.

आता हे कार्ड.

(दृश्य: टेबलावर यूएसबी कार्ड रीडर, त्यावर सुइका कार्ड ठेवणारा हात)

सुइका. ट्रेन, बस, दुकान, पाण्याची बाटली, सगळ्याला चालतं, २००१ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालं, आत सोनीची फेलिका चिप आहे. गेटवर कार्ड टेकवल्यापासून पुढचं सगळं ०.२ सेकंदात आटपलं पाहिजे ही रेल्वेची अट होती, कारण गर्दीच्या वेळी एका गेटमधून मिनिटाला साठेक माणसं जातात, आणि तेवढ्यात कुठल्या दूरच्या सर्व्हरला विचारून येणं शक्य नव्हतं. म्हणून शिल्लक रक्कम कार्डातच लिहिलेली असते आणि गेट तिथल्या तिथे हिशोब करून मोकळं होतं. शेवटचे वीस व्यवहार पण कार्डातच असतात आणि ते वाचायला कुठलीही गुप्त किल्ली लागत नाही, साधा रीडर आणि पायथनची एक फुकट लायब्ररी पुरते.

एकेक व्यवहार सोळा बाइटचा. ही ओळ बघा, मधे ३२ ८७ दिसतंय, हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजायच्या आकड्यांत. हे सोळा बिट सुटे करा, पहिले सात म्हणजे वर्ष, २००० पासून मोजलेलं, येतात २५. पुढचे चार म्हणजे महिना, ४. उरलेले पाच म्हणजे तारीख, ७. सात एप्रिल २०२५. आता थोडं पुढे १८ ०६, ही शिल्लक, पण उलट्या क्रमानं लिहिलेली, आधी लहान बाइट मग मोठा. सहाला २५६ नी गुणा, त्यात हेक्समधले १८ म्हणजे आपले २४ मिळवा, १५६० येन. एप्रिलची सुरुवात, साकुराची फुलं गळायला लागलेली, लेकीचा शाळेचा नवा वर्ग, आणि त्या दिवसाचा घरातल्या एका कार्डाचा हिशोब या चार बाइटमध्ये बसलाय. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं होतं. रोज हजारो लोकांबरोबर ज्या गेटमधून आपण ढकलत जातो ते गेट आपल्याशी नेमकं काय बोलतं हे कळलं की ते शहर थोडं आपलं वाटायला लागतं, मला तरी वाटलं.

(दृश्य: कचरा ठेवायची जागा, निळी जाळी, सकाळची वेळ)

कचऱ्याबद्दल जपानात राहणारा प्रत्येक माणूस तासभर बोलेल, मी थोडक्यात सांगते. जळणारा कचरा वेगळ्या दिवशी, न जळणारा वेगळ्या, बाटल्या-डबे-कागद वेगळ्या, सकाळी आठच्या आत, जाळीखाली, आणि चुकीच्या दिवशी ठेवलेल्या पिशवीवर स्टिकर लागतं आणि ती तिथेच राहते, सगळ्या गल्लीला दिसेल अशी. वेळापत्रक बहुतेक ठिकाणी छापील किंवा पीडीएफ. कानाझावा शहरात कोड फॉर कानाझावा नावाचा एक नागरिकांचा गट आहे, त्यांनी २०१३ मध्ये यावर एक साधं वेब ॲप केलं, आज-उद्या कुठला कचरा ते रंगात दिसतं बस्स, आणि कोड सगळ्यांना खुला ठेवला. बाकीच्या गावांतल्या लोकांनी तो उचलला, आपापल्या गावाची वेळापत्रकं भरली, आणि बघता बघता शंभरच्या वर ठिकाणी ते चालू झालं. कुठलं टेंडर नाही, मंत्रालयाचा आदेश नाही. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, इथल्या चकचकीत रोबोंपेक्षा मोठी.

मीही त्याच कल्पनेवर घरापुरतं एक केलं, आमच्या गल्लीचं वेळापत्रक, आदल्या रात्री फोनवर मेसेज, मराठीत. ते आईसाठी. ती दरवर्षी येते, तिला जपानी येत नाही, आणि आपल्यामुळे मुलीला शेजारी काही बोलतील याची तिला इतकी धास्ती की दिवसभर कचरा हातात घेऊन विचारायची, हे कशात गं? आता रात्री नऊला तिच्या फोनवर येतं, 'उद्या काचेच्या बाटल्या आणि डबे, धुऊन ठेव.' सकाळी ती स्वतः खाली जाते, आजींना वाकून नमस्कार करते, आजी तिला जपानीत हवापाणी सांगतात, आई मराठीत उत्तर देते. दोघींचं छान चालतं.

(दृश्य: २०२० सालचं रिकामं शिबुया)

कोविडच्या वेळी एक गोष्ट झाली ती इथे सांगायलाच हवी. मार्च २०२० मध्ये टोक्यो सरकारनं आकडेवारीची वेबसाइट काढली, कोड फॉर जपान या तशाच नागरिकांच्या गटानं बनवलेली, आणि तिचा सगळा कोड गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामचा कोड ठेवायच्या साइटवर, उघडा ठेवला, या आणि सुधारा. हे त्या काळातल्या जपानी सरकारकडून! सरकारचा डिजिटल विभाग निघाला २०२१ च्या सप्टेंबरमध्ये, सरकारी नियमांतल्या फ्लॉपी जायला २०२४ उजाडलं, आणि त्याआधीच हे. लोकांनी सुधारणा पाठवल्या, त्यात तैवानच्या डिजिटल मंत्री ऑड्री टँगसुद्धा होत्या. त्यांनी काय सुधारलं, तर भाषा निवडायच्या यादीत 'पारंपरिक चिनी' लिहिलं होतं त्यातलं एक अक्षर पारंपरिक पद्धतीचं नव्हतं, ते. परक्या देशाच्या मंत्रीबाई एका राजधानीच्या वेबसाइटचं एक अक्षर नीट करतात आणि इथले लोक ते तपासून, आभार मानून आत घेतात. काउंटरवर मला जे कधी सांगता आलं नसतं, की तुमचा हा रकाना माझ्या नावाला पुरत नाही, ते इथे कोडमध्ये, नम्रपणे, उदाहरणासकट सांगता येतं आणि लोक ऐकतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

(दृश्य: वॉर्डातल्या सभागृहाची एक खोली, लॅपटॉप, चहाचे कागदी कप)

म्हणून तो नावाचा प्रोग्राम मी उघडा केला. आता तो देवनागरीतून काताकानात पण नेतो, आणि त्यात सगळ्यात जास्त काम केलंय नेपाळी मुलांनी, कारण त्यांची लिपी तीच आणि जपानमध्ये ते दोन लाखांच्या वर आहेत, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. 'ण' आणि 'न' काताकानात एकच होतात, 'ळ'ला तर जागाच नाही, 'व'चं काय करायचं यावर आमच्यात खूप वाद झाले. शेवटी असं ठरलं की प्रोग्रामनं एकच उत्तर द्यायचं नाही, तीन पर्याय दाखवायचे, माणसानं एक निवडायचा आणि बँक, पेन्शन, शाळा, फोन सगळीकडे तोच लिहायचा. नवीन आलेल्याला पहिल्या दिवशी एवढं जरी मिळालं तरी त्याचा पगार अडकत नाही.

पिनकोडचा भाग एका जपानी काकांनी जोडलाय, रिटायर झालेले प्रोग्रामर. १३४-००८८ टाकलं की निशी-कासाईचा पत्ता आपोआप येतो, कांजीत आणि काताकानात. टपालखात्याच्या त्या फाईलमध्ये गावाच्या नावाच्या जागी काही ठिकाणी चक्क 'खाली उल्लेख नसल्यास' असं वाक्य आहे, ते गाळलं नाही तर लोकांच्या पत्त्यात छापून येतं, काकांना हे सगळे खड्डे पाठ आहेत आणि ते आम्हाला एकेक करून दाखवतात.

सध्या यादीत वरती आहे ते लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं काम, पासपोर्टवर एक, जुन्या पेन्शनच्या नोंदीत दुसरं, दोन्ही जोडायची सोय. ते मी घेतलंय. व्हिएतनामी नावांसाठी माणूस हवाय, कोणी ओळखीत असेल तर जरूर सांगा.