बकरीला तेल पाजू नका

नमस्कार, शेतकरी मंडळी. आज बोलायचं ते दुभत्या बकरीच्या खुराकातल्या तेल, सरकी आणि बायपास फॅट नावाच्या स्निग्ध पावडरीबद्दल.

आधी काटोलकडची गोष्ट. तिथल्या एका भाऊंची बकरी दोन लिटर देणारी. कुणीतरी सांगितलं, तेल द्या, दुधाचं फॅट चढेल. भाऊंनी रोज ढेपेवर वाटीभर सोयाबीन तेल ओतायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी लेंड्या चिकट, गोळा होऊन पडू लागल्या. मग बकरीनं तुरीचं कुटार सोडलं, रवंथ थांबलं, दूध निम्म्यावर आलं. भाऊंनी जंताचं औषध पाजलं. काही फरक नाही. शेवटी डॉक्टर आले. त्यांनी ढेपेचं टोपलं हुंगलं आणि तिथेच हिशेब मांडला. 40 किलोची बकरी दिवसाला साधारण 1600 ग्रॅम कोरडा आहार खाते. त्यात सगळा मिळून 5 टक्के, म्हणजे 80 ग्रॅम स्निग्धांश चालतो. पन्नासेक ग्रॅम कुटार-ढेपेतूनच येतो. उरले 30. आणि वाटीत? सव्वाशेच्या वर! मोकळं तेल चाऱ्यावर थर धरतं आणि चारा पचवणारे पोटातले जंतू मारतं. तर्री सावजी रश्श्यावर शोभते, बकरीच्या पोटात नाही. तेल बंद केलं, खुराक निम्मा केला, समोर सुकं कुटार ठेवलं, तेव्हा रवंथ परतलं.

पुन्हा सांगतो, वरून द्यायचा स्निग्धांश फक्त 30 ग्रॅम. मोकळं तेल नाही.

मग काय द्यायचं? अख्खी सरकी, रोज 100 ग्रॅम. त्यातून 18 ते 20 ग्रॅम स्निग्धांश मिळतो, तोही हळूहळू सुटतो. भरडू नका. बोकडाला आणि लहान पिल्लांना सरकी नकोच, तिच्यातलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य बाधतं. किंवा बायपास फॅट, दुधाच्या लिटरमागे 10 ते 15 ग्रॅम. ते पहिल्या पोटात विरघळत नाही, पुढच्या आंबट पोटात सुटतं. चव बकरीला आवडत नाही, म्हणून 5 ग्रॅमपासून सुरू करून दोन आठवड्यांत पूर्ण मात्रा गाठा. सरकी आणि बायपास दोन्ही पूर्ण मात्रेत एकदम नको. खनिज मिश्रण चालू ठेवा.

यानं फॅट वाढतं, लिटर फारसे वाढत नाहीत. अर्धा लिटर देणाऱ्या बेरारी जातीच्या बकरीवर हा खर्च करू नका. त्या पैशात सुबाभूळ लावा. आमच्याकडे पावडरचं पोतं आधी येतं, हिरवा चारा मागाहून!

आणि मे महिन्यात पोतं टिनाच्या शेडखाली ठेवू नका. खवट वास आला की बकरी तोंड लावत नाही.