रांग कोणाच्या हाती?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील एका जुन्या घरात आजी पुण्याच्या नातीशी व्हिडिओवर बोलत आहेत. तेवढ्यात माडीवरचा नातू लग्नाचे चित्रीकरण अपलोडला लावतो आणि नातीचा चेहरा पडद्यावर गोठतो. "अगं, ऐकू येतंय ना?" असे आजी पुन्हा पुन्हा विचारत राहतात. जास्त वेगाचे कनेक्शन घ्यावे, असे घरात सुचवले जाते. खरा दोष मात्र बहुधा बाहेर जाण्यासाठी ताटकळणाऱ्या डेटाच्या रांगेचा असतो.

अपलोडचा वेग सेकंदाला 10 मेगाबिट असेल आणि पुढे 1500 बाइटांची 1000 पॅकेटे, म्हणजे डेटाचे तुकडे, उभी असतील, तर आजींच्या आवाजाच्या एवढ्याशा पॅकेटला 1.2 सेकंद ताटकळावे लागते. पॅकेट गळू नये म्हणून बफर, म्हणजे पॅकेटे थोपवून धरणारी जागा, मोठे ठेवले गेले; पण टीसीपी ही डेटा पाठवण्याची नेहमीची पद्धत एखादे पॅकेट गळाल्यावरच हात आखडता घेते, त्यामुळे फुगलेला बफर तिला वेळेवर इशाराच मिळू देत नाही. संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी या दुखण्याला 'बफरब्लोट' म्हटले.

घरातल्या अनेक राउटरांवर चालणाऱ्या लिनक्स या संगणक प्रणालीत ही रांग 'क्यूडिस्क' नावाची नियमावली सांभाळते, आणि 'टीसी' या आज्ञेने ती बदलता येते. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये मांडलेली 'कोडेल' ही पद्धत रांगेची लांबी न पाहता पॅकेट किती वेळ थांबले ते पाहते, आणि ही प्रतीक्षा 100 मिलिसेकंदांत एकदाही 5 मिलिसेकंदांखाली आली नाही, तर मुद्दाम पॅकेटे गाळू लागते, म्हणजे टीसीपीला वेळेवर इशारा मिळतो. त्याच वर्षी कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आलेली 'एफक्यू-कोडेल' वाहतूक 1024 उपरांगांत वाटते आणि आजींच्या आवाजासारख्या विरळ प्रवाहाला आधी वाट देते. मला ही कल्पना फार न्याय्य वाटते.

तरीही नुसती क्यूडिस्क बदलून भागत नाही, कारण रांग लागते ती वाट अरुंद होते तिथे. वडोदऱ्यातल्या जुन्या लहेरीपुरा दरवाजाअलीकडे रस्ता कितीही रुंद केला, तरी खोळंबा दरवाजापाशीच होणार. घरात तो दरवाजा म्हणजे राउटरला बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारा मोडेम, आणि त्याच्या पोटातल्या बफरवर लिनक्सचा हुकूम चालत नाही. म्हणून 2018 मध्ये कर्नलमध्ये दाखल झालेल्या 'केक' या क्यूडिस्कला राउटरवर सेकंदाला 9 मेगाबिटची, म्हणजे अपलोडच्या वेगापेक्षा थोडी कमी, मर्यादा घालून देतात. मोडेमकडे तुंबण्याइतके काही पोहोचतच नाही आणि रांग राउटरच्या ताब्यात येते.

माडीवरचे अपलोड आता थोडे सावकाश सरकते आहे. खाली नात नवी साडी दाखवते आणि आजी लगेच विचारतात, "काठ कसले गं?"