जाम बोल्ट

(पडद्यावर : रॅम्पवर चढवलेली व्हॅन, कॅमेरा खालून. गंजाचे पापुद्रे.)

भाऊच्या धक्क्यावरून मासळी वाहणारी ही व्हॅन. 1 जूनला मासेमारीबंदी लागली, गाडीला सवड मिळाली, आणि ती रे रोडच्या या गॅरेजमध्ये आली. काम दरवर्षीचंच : ऑइल बदलायचं, ब्रेक उघडून साफ करायचे, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बोल्ट तपासायचे. पण गाडीखाली एकदा नजर टाकली की समजतं, आज निम्मा वेळ नुसतं उघडण्यातच जाणार.

बर्फातल्या मासळीचं पाणी टोपल्यांतून गळतं आणि तळाच्या सांध्यांतून खाली झिरपतं. खारं पाणी. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज धरतोच, मीठ मिळालं की तो झपाट्याने धरतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये फट असते ती केसाएवढी. गंज तिथेच फुगतो आणि दोघांना जखडून टाकतो. वरून धड दिसणारा बोल्टही म्हणूनच जागचा हलत नाही.

(क्लोजअप : वायर ब्रश, उडणारी लाल भुकटी.)

मिस्त्री आधी ब्रश घेतात. नटाबाहेर उरलेले आटे घासून लख्ख करायचे, कारण नट याच वाटेने बाहेर येणार. मग गंज सोडवणारं पातळ तेल, वर हातोडीचे हलके ठोके, पुन्हा तेल. ठोक्यांनी गंजाला बारीक भेगा पडतात, तेल त्यांतून आत शिरतं. हट्टी बोल्ट तेल पाजून रात्रभर तसेच सोडतात.

घाई असलेला माणूस इथे गॅस कटर आणतो. बोल्ट कापला की काम झालं, गिऱ्हाइकही खूश. हे मिस्त्री तसं करत नाहीत. कापताना बोल्टबरोबर शेजारचा पत्राही जळतो, आणि जिथे पत्रा जळला तिथे पुढचा गंज आधी लागतो. शिवाय ही व्हॅन सीएनजीवर चालते. मागच्या बाजूला सिलिंडर आहे आणि भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे 200 बार दाब असतो. त्याच्या आसपास ज्योत पेटवायची नाही, हा इथला नियम आहे.

(हेल्पर पान्याला जोर लावतो. मिस्त्री त्याचा हात थांबवतात.)

“सोडू नको. आधी जरासा आवळ.”

आवळायच्या दिशेला किंचित फिरवलं की गंजाची पकड मोडते. सॉकेट सहा कोनांचंच हवं. बारा कोनांचं गंजलेल्या डोक्यावरून घसरतं आणि डोकं गोल करतं. मग पाव फेरा मागे, थोडा पुढे, तेल, पुन्हा मागे.

(आवाज मोठा : खट्.)

सरकत्या दाराच्या पट्टीचे स्क्रू याहून अवघड. त्यांच्या डोक्यावरची चौफुली झिजली की स्क्रू ड्रायव्हर नुसताच गरगरतो. इथे इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो. त्याच्या मुठीवर हातोडी मारली की तोच ठोका टोकाला खाचेत दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतो.

त्यातला एक स्क्रू तुटतो. बरोबर मध्यावर सेंटर पंचने खड्ड्याची खूण, मग बारीक ड्रिल, मग नागदेवी स्ट्रीटवरून आणलेलं उलट्या फेऱ्यांचं ड्रिल. ते सोडायच्या दिशेनेच फिरतं, त्यामुळे कापता कापता तुकड्यालाही बाहेर ओढतं.

(मागचं चाक काढलेलं. ब्रेक ड्रम.)

ड्रम हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, चिकटलाय. हातोड्याने ठोकला तर बीडाचा ड्रम तडकू शकतो. पण ड्रमवर आटे पाडलेली दोन भोकं असतात, ती याच कामासाठी. त्यांत 8 मिलिमीटरचे दोन बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळत न्यायचे. ड्रम सरळ बाहेर येतो. ही सोय गाडी बनवणाऱ्यानेच दिलेली आहे, आणि तरी किती ड्रम ठोकून फोडले जातात.

ब्लीडर निप्पलला, म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर काढायच्या छोट्या तोटीला, सगळ्यांत जास्त वेळ दिला जातो. ती उघडली नाही तर जुनं, पाणी शोषलेलं ब्रेक ऑइल आतच राहतं आणि ऐन वेळी ब्रेक दगा देऊ शकतात.

(टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, फिरतोय. बोटावर तांबूस ग्रीस.)

आता उलटं काम. भोकांतले आटे टॅप फिरवून साफ करायचे, गंजलेले बोल्ट टाकून नवे घ्यायचे, आणि बसवण्याआधी आट्यांना तांब्याचं ग्रीस लावायचं. म्हणजे पुढच्या जूनमध्ये ते पान्याने सुटतील. चाकाच्या नटांना मात्र ग्रीस नाही. आटे बुळबुळीत झाले की नेहमीच्याच जोरात नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो आणि स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो दांडा, ताणला जातो.

बिलावर मिस्त्री ‘ब्रेक सर्व्हिस’ लिहितात. त्याखाली या वेळी त्यांनी वेगळी ओळ घातली आहे : ‘जाम बोल्ट सोडवणे’. तिच्यापुढे मजुरीही लिहिली आहे, आणि मालकांनी ती घासाघीस न करता दिली.